नळीचं तोंड भक्तांकडे

“नळीसमोरून हटा! सगळे बाजूला! आधी पोरीला उचल!”

हा आवाज आमच्या दारातून आला, आणि तो एवढा मोठा होता की अपार्टमेंटमागच्या तळ्यातली बदकं उडाली ती थेट कॅनडात जाऊन बसली. ओरडणारा होता आमचा शेजारी, मोटारींच्या कारखान्यातून रिटायर झालेला अमेरिकन म्हातारा. शस्त्रपूजेला मीच त्याला बोलावलं होतं. तो आत आला तेव्हा आरती संपत आली होती. पाटावर माझी शंभर वर्षं जुनी लष्करी रायफल आडवी, तिला हळदकुंकू, शेजारी नारळ आणि समोर हात जोडून चार मराठी कुटुंबं. देवाचं तोंड भक्तांकडे असतं, म्हणून नळीचं तोंड मी स्वतःच्या हातानं लोकांकडे करून ठेवलं होतं. सगळ्यात पुढे माझी पाच वर्षांची मुलगी, नळीच्या तोंडात शेवंतीचं फूल खोवत.

नव्वदच्या दशकात आम्ही अमेरिकेत नोव्हाय नावाच्या गावात राहायचो. दिवसा मी मोटारींचे ब्रेक डिझाइन करायचो आणि वीकेंडला जुन्या रायफली गोळा करायचो. एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या, खालची लिव्हर ओढली की मागचा ठोकळा खाली सरकतो त्या जातीच्या. संग्रह तीन रायफलींचा. सांगताना मी सात सांगायचो. पाटावरच्या या तिसरीनं तर माझ्या तोंडून निदान पाच लढाया मारल्या होत्या. प्रत्यक्षात ती मला एका गराज सेलमध्ये मोडक्या सायकलीखाली मिळाली होती.

हा नाद मला म्हाताऱ्यानंच लावला, आणि पहिला नियमही त्यानंच शिकवला होता: घरात आणण्याआधी मागून उघडून आत बघायचं. या रायफलीची लिव्हर जुन्या ग्रीसनं दगडासारखी बसली होती. मी दोनदा ओढून बघितली आणि सोडून दिली. म्हाताऱ्याला म्हणालो, बघितली, रिकामी आहे. बायकोला तर म्हणालो, रोज उघडून साफ करतो.

आता त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, रिकामी आहे ना? मी म्हटलं, अर्थातच. तो म्हणाला, दाखव.

मी गुडघ्यावर बसून लिव्हर ओढली. हलली नाही. पुन्हा ओढली. बायकोनं मुलीला कडेवर घेतलं आणि माझ्याकडे न बघता पार्किंगमध्ये निघून गेली. तिच्यामागे बाकीचे. जाताना कुणीतरी “अरे यार” एवढंच म्हणालं. मीही चपला शोधायला लागलो, तर म्हातारा म्हणाला, “तू थांब. टॉर्च धर.”

आमचा फ्लॅट तळमजल्यावर, खाली नुसतं काँक्रीट. त्यानं माझ्याकडून बासमतीची चार पोती मागवून एकावर एक रचली, फुलासकट रायफल उचलली आणि नळी पोत्यांत खुपसली. निरांजन अजून जळत होतं, ते त्यानं फुंकून विझवलं. फुंकून विझवू नये, हे सांगण्याची माझी छाती झाली नाही. मग त्यानं लिव्हरच्या सांध्यांत तेल सोडलं आणि वाट बघत बसला. मी आयुष्यात कशाला घाबरलो नाही असं सांगत आलोय. वाघ, बॉस, इमिग्रेशन ऑफिसर, सगळ्यांचे किस्से आहेत. पण त्या तासाभरात माझ्या दातांचा आवाज मला ऐकू येत होता, आणि हे मी वाढवून सांगत नाही. टॉर्चचा उजेड रायफलीवर कमी आणि भिंतीवर जास्त नाचत होता. डोळ्यांपुढून ते फूल हलेना. ते खोवताना मुलीचं कपाळ नळीपासून किती लांब होतं, वीतभर तरी होतं का, तेच मी पुन्हा पुन्हा मोजत होतो.

म्हातारा लाकडी हातोडीनं लिव्हरला हलकेच एकेक ठोका देत होता. प्रत्येक ठोक्याला मी मरत होतो. शेवटी लिव्हर कण्हली, ठोकळा खाली सरकला, आणि आत हिरवं पडलेलं पितळ दिसलं. त्यानं दोन बोटांनी ओढून काढलं. पूर्ण काडतूस होतं, पुढे शिशाची गोळी, माझ्या अंगठ्याएवढी. या वेळी अंगठा मी मोठा करून सांगत नाहीये.

बाहेर सगळे गाड्यांच्या आड उभे होते. मुलगी विचारत होती, “बाबा, व्हाय इज ही सो मॅड?” मी तिला उत्तर देण्याआधी, खोकल्यासारखं हसून, सगळ्यांना सांगायला लागलो की जरासं ग्रीस अडकलं होतं. तेवढ्यात म्हातारा मागून आला आणि त्यानं तळहात बायकोपुढे उघडला.

तिनं काडतुसाकडे बघितलं. मुलीचं डोकं स्वतःच्या खांद्यावर दाबून धरलं.

मी म्हटलं, “शंभर वर्षांचं आहे गं. सादळलेलं. उडलंच नसतं.”

ती म्हणाली, “रोज उघडून साफ करतो म्हणाला होतास.”