बोटांनी बघायचा डोंगर

काचबिंदूने बाबांचे दोन्ही डोळे गेले, त्याला चार महिने झाले होते. वाळूजच्या एका कारखान्यात आयुष्यभर पोलादाचे डाय, म्हणजे ठसे उमटवायचे साचे, कोरलेला हा माणूस पुंडलिकनगरच्या आमच्या घरात पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसायचा. चहा हवा का, रेडिओ लावू का, गच्चीवर जाऊ या का, सगळ्याला एकच उत्तर: "असू दे." त्या 'असू दे'ची मला चीड यायला लागली होती. बाबांच्या वाढदिवसापर्यंत त्यांच्या तोंडून एक तरी मागणी काढायचीच, असं मी ठरवलं. मी हट्टी आहे, आणि तो गुण त्यांचाच आहे.

फावल्या वेळात मी ठशांची भेटकार्डं करते. बाबांसाठी कार्ड करतेय म्हटल्यावर भाऊ म्हणाला, "त्यांना दिसत नाय अन् तू चित्र देतीस? लई शहाणी." मी वाद घातला नाही. चित्र बोटांना लागेल असं करायचं, एवढंच. आमच्या गच्चीवरून दिसणारा डोंगर, त्याच्यापुढे कडुनिंब, सगळ्यात पुढे साळुंकी. मोठ्या खोडरबरांवर तिघांचे ठसे कोरले, जाड कागदावर उमटवले आणि कडेकडेने कापले. उंची यावी म्हणून मागे जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे चिकटवले: डोंगराला एक, झाडाला तीन, साळुंकीला पाच. पत्रिका घरात ढिगाने होत्या, बाबा एकही टाकू द्यायचे नाहीत. कडुनिंब दोनदा फाटला, अंगठ्याला कटर लागलं. पट्टी बांधून तिसऱ्यांदा कापला.

वाढदिवसाला सकाळी कार्ड हातात दिलं. "असू दे," म्हणत त्यांनी ते उशीपाशी ठेवलं. मला रडू यायचंच बाकी होतं. मी ते परत उचललं आणि सरळ त्यांचं बोट धरून डोंगरावर टेकवलं. तो उद्धटपणाच होता.

बोट हळूहळू चढलं, थांबलं, मागे गेलं.

"आपला डोंगर हाय का ह्यो?"

"व्हय."

"मग कडा उजवीकडं कसा? आपल्या गच्चीवरून डावीकडं दिसतो."

मी पाहिलं. दिसतो तसाच कोरला होता, म्हणून कागदावर उलटा उमटला होता. नेहमी मी फुलंपानं कोरते, त्यांना उलटसुलट काहीही चालतं. ठसा उलटा कोरायचा असतो, हे लहानपणी मला बाबांनीच शिकवलं होतं. डाय कोरणाऱ्याची लेक आणि ही चूक! मला खरंच लाज वाटली.

"असू दे बाबा," मी पुटपुटले, "आता चिकटवलाय."

"असू दे कसं?" त्यांचा आवाज चढला. त्यांनी पाय पलंगावरून खाली सोडले. "नवं रबर आण. कटर दे इकडं. अन् आधी चहा टाक."

मी एकाच मागणीसाठी झुरत होते, एका दमात तीन आल्या.