शेवंतीत उभं राहून ऐकलेला सूर

आमच्या ह्यांना अख्खं मखमलाबाद नाथाभाऊ म्हणतं. मी नुसतं 'अहो' म्हणते, आणि तेही दोनदा म्हटल्याशिवाय त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मुद्दाम करतात असं मला वाटायचं. नवऱ्यांना बायकोचं ऐकू न येणं हा काय आजार थोडाच आहे.

शेती आमची शेवंतीची, पण ह्यांचा जीव बिघडलेल्या पेट्यांत. पोरवयात नाशकात एका रेडिओच्या दुकानात लागले, तिथंच बँडवाल्यांचे विजेवरचे ऑर्गन उघडायला शिकले. सगळी मदार कानावर. चांदवड-येवल्याचे बँडवाले जीपमधून ऑर्गन आणून आमच्या ओट्यावर ठेवायचे. सूर केसभर उतरला तरी नाथाभाऊला कळतो, अशी त्यांची खात्री. "हे दोन कान म्हंजे माझं भांडवल," हे म्हणायचे. "ते गेले की संपला नाथा. मग निस्ती शेवंती खुडायची."

अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्यानंतर सिन्नरचे रावजी आले. रावजींचा स्वतःचा बँड. दसऱ्याला त्यांनी वाद्यांची पूजा केली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, इथवर ठीक. पण नारळ फोडला तो ऑर्गनच्या डोक्यावर धरून, आणि पाणी उतरलं पट्ट्यांच्या फटीतून आत. बँडवाले जिला पांढरी चार म्हणतात ती पट्टी मुकी झाली, आणि तिच्या खालच्या सप्तकांतल्या बहिणीही तिच्याबरोबर गेल्या.

"देवाचं पाणी हाय नाथाभाऊ, त्यानं कसं काय बिघडंल?"

"देवाला कुठं करंट बसतो," हे म्हणाले.

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, तोवर ऑर्गन वाजायला हवा होता. ह्यांनी पेटी उघडली तर आत मुंग्या. गोड पाणी ना ते. मी खुडलेली फुलं ओट्यावर ओतत होते, तेव्हा मला समजावत बसले. "हे बघ मालन, बारा सुरांचे बारा झरे आहेत. झऱ्यातून निघतो तो सगळ्यात बारीक सूर. त्याचाच निम्मा, निम्म्याचा निम्मा करत खालचे सूर होतात."

"म्हणजे आपला पाट," मी म्हटलं. "वर पाणी अडलं की खालचे सगळे वाफे कोरडे."

"अगदी तसंच," म्हणाले, आणि मला उगाच फार हुशार झाल्यासारखं वाटलं.

त्यांनी स्पिरिटनं चिकटा पुसला, एक ट्रान्झिस्टर बदलला आणि पांढरी चार बोलायला लागली. मग तपासणी. त्यांची पद्धत अशी, की पट्टीच्या फटीत पुठ्ठ्याची घडी खोचून ती दाबून ठेवायची आणि आपण उठून शेवंतीत जाऊन उभं राहायचं. सूर डळमळतोय का ते लांबूनच कळतं म्हणे. कार्तिकातलं मऊ ऊन, गुडघ्यापर्यंत पिवळी-पांढरी फुलं, आणि सगळ्या वावरावर एकच सूर तरंगतोय. मधोमध हे, डोळे मिटून. वारा आला की सूर जरा वाकायचा, परत सरळ व्हायचा. माझे हात फुलांतच राहायचे. असंच चालू राहावं, संध्याकाळ होऊच नये, असं वाटायचं. किती बरं वाटायचं ते सांगता येत नाही.

त्या दिवशी त्यांनी अगदी शेवटच्या पट्टीला पुठ्ठा खोचला, सगळ्यात वरचा, बारीक सूर लावला आणि वाफ्यात आले. उभे राहिले. डोळे उघडले. ओट्यावर जाऊन आत काहीतरी पुसलं, परत आले. पुन्हा गेले, ट्रान्झिस्टर बदलला, पुन्हा आले.

"मेलीये ही," म्हणाले. "शेजारचीही मेलीये. खालच्या तेवढ्या बोलतात. रावजीला सांगतो, पेटी भंगारात घाल."

मी ओंजळीत फुलं घेऊन उभी. सूर तर माझ्या कानात चांगला वाजत होता. चांगली पेटी भंगारात जाईल म्हणून बोलले.

"अहो, वरचा वाफा कोरडा आणि खालचे भिजलेत, असं कधी झालंय का?"

ते ओट्यावर गेले, स्पीकरची जाळी काढली आणि आतल्या कागदावर बोट टेकवलं. कागद थरथरत होता. बोट तसंच ठेवून ते खाली बसले. इतकी वर्षं लग्नसराईत बँडबरोबर जाऊन भोंग्यांशेजारी उभं राहून पेट्या सांभाळल्या, त्या भोंग्यांनीच ह्यांच्या कानातले वरचे सूर खाल्ले होते.

मग त्यांनी विचारलं, "वाजतोय?"

"वाजतोय."

"कसा आहे?"

मला कुठं सुरातलं कळतं. "बारीक आहे," म्हटलं. "स्वच्छ आहे. जरासा हलतोय."

"हलायला नको," म्हणाले, आणि स्क्रूड्रायव्हर उचलला. "जा, तिकडं मधोमध उभी राहा."

मी वावरात गेले. ओट्यावरून त्यांनी विचारलं, "आता?"

"अजून जरा हलतोय," मी सांगितलं.

त्यानंतर कितीतरी वर्षं बँडवाले आमच्याकडे ऑर्गन आणत राहिले. नाथाभाऊच्या कानाचं कौतुक करत ओट्यावर चहा घ्यायचे, मी वावरात मधोमध उभी, आणि त्यांना वाटायचं, मालनबाई फुलं खुडतेय.