मिरचीवाल्या मावशींचा पाय

आमच्या ख्रिस्ती संस्थेत नवरा-बायको दोघांनाही पाळकपदाची दीक्षा मिळते, त्यामुळे बदलीही दोघांची एकत्रच होते. लातूरहून आम्ही मुखेडला आलो तेव्हा मला वाटायचं, पाळकाचं काम म्हणजे मुख्यतः उपदेश. शेजारच्या मावशींनी पहिल्याच भेटीत तो समज मोडला.

मावशी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या नव्हत्या. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. आठवडी बाजारात मिरची विकायच्या. शुगरमुळं डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि तेव्हापासून त्या भिंतीकडं तोंड करून पडून असत.

"प्रार्थना करू का?" मी विचारलं.

"करा की. पन मला बाजारात बसायचंय, त्याचं काय?"

माझे यजमान म्हणाले, "नवा पाय बसवू."

संस्थेच्या लातूरच्या दवाखान्यात माप दिलं, पाय आला. मावशींनी तो पहिल्याच दिवशी भिरकावला. "लई टोचून राहिलाय!" खरंच कातडी सोलली होती. आम्ही पुन्हा लातूर गाठलं आणि तो नीट बसवून आणला.

मग रोज दुपारी रिकाम्या चर्चमध्ये चालण्याचा सराव. मावशी बाकांना धरून पुढं सरकायच्या, यजमान त्यांच्यासमोर उलटे चालायचे आणि मी मागं हात पसरून. एकदा आम्ही तिघंही आपटलो. मावशींनी आम्हाला अस्सल शिव्या घातल्या, मग स्वतःच हसत सुटल्या.

गल्लीत कुजबुज सुरू झाली. मावशींचा पुतण्या चर्चच्या पायऱ्यांशी आडवा येऊन म्हणाला, "काकू, हे लोक तुला बाटवतील."

"पाय बदललाय रे, धरम न्हाई," मावशी म्हणाल्या आणि त्याला बाजूला सारून पायऱ्या चढल्या. बाकाचा आधार नव्हता, आमचाही नव्हता. मी जागच्या जागी थिजले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या घरापासून चालत निघाल्या. आम्ही चार पावलं मागं. किराणावाला गल्ला सोडून बाहेर आला. त्यांच्या जागेवर बसणाऱ्या बाईनं आपली टोपली सरकवली. मावशी टेकल्या, पदर खोचला आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडल्या, "घ्या मिरची, लालभडक मिरची!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र, गळ्यात पाळकाची पांढरी कॉलर असताना, भर बाजारात दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.