गच्चीवरचा फोन, टीपॉयवरचा डॉक

समस्त सोयरे, भावकी आणि साखर मागायच्या निमित्ताने डोकावणारे शेजारी यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या अंबाजोगाईच्या घरी बैठकीच्या खोलीत, टीपॉयवर, राखाडी कापडाचा अंगरखा घालून जो भोपळ्याएवढा स्पीकर बसलेला आहे, त्याच्या राज्यात कुणीही खासगी बोलू नये. गच्चीवर जाऊन तर मुळीच बोलू नये. बोलल्यास होणाऱ्या परिणामांना घरमालक जबाबदार राहणार नाही.

तो साधा स्पीकर नाही, डॉक आहे. त्याच्या डोक्यावर एक खाच आहे. खाचेत फोन बसवला की फोन चार्ज होतो आणि त्यातलं गाणं विनावायर खोलीभर वाजतं. वाजतं म्हणजे काय! तबल्यावरून बोट घासत गेलेलं कळतं. गायिका श्वास घेते तेव्हा माझ्या बायकोला धाप लागते. शिवाय त्याला कानही आहेत. फोन आला तर त्याच्यातूनच बोलायचं, आणि सोफ्याच्या टोकाला बसून पुटपुटलेलं पलीकडच्या माणसाला स्वच्छ ऐकू जातं.

दोष विचाराल तर एक, त्याला बॅटरी नाही. लाइट गेली की राजा जागेवर गार. दोन, अंगरख्याला हळदीचं बोट लागलं तर ते जन्मात निघत नाही. तिसरा दोष मला दुकानात गुण म्हणून सांगितला होता. "साहेब, फोन खाचेतून उचलला तरी गाणं थांबत नाही. खिशात घालून गच्चीवर जा, खाली वाजतच राहतं." मी भाळलो ते याच वाक्यावर.

आता त्या रविवारकडे येतो.

माझी भाची इथे दवाखान्यात नर्स आहे आणि आमच्याकडेच राहते. तिला स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, शांत, आणि पोरीलाही आवडलेला. त्या दुपारी सुपारी फोडायची होती. आमच्याकडे सुपारी फुटली म्हणजे शब्द गेला; मग माघार नाही. म्हणून सुपारी फुटायच्या आधी काय बोलायचं ते बोलून घेतात, आणि अडलं की एक पक्ष उठून बाजूला जातो, आपसात विचार करतो, परत येऊन सांगतो.

भाचीचे आईवडील, म्हणजे माझी बहीण आणि दाजी, आधीच आले होते. मग पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, आणि मुलाचे वडील. वडील कडा गावाजवळच्या एका शाळेत हेडमास्तर, शर्टाची इस्त्री अशी की बसताना मोडेल म्हणून आम्हालाच भीती. टॉवेल-टोपी झाली, नारळ झाला. आता एवढा डॉक घरात असताना मान तिथेच थांबवायचा? मी हेडमास्तरांना म्हणालो, "सोयरे, पहिलं गाणं तुमच्या फोनवरचं. हा मान तुमचा." त्यांनी संकोचत फोन दिला. मी तो खाचेत असा बसवला, जसा देव्हाऱ्यात टाक बसवतात. एक भजन झालं. हेडमास्तर डोळे मिटून डुलले. "मामा, आवाज लई गोड हाय," म्हणाले. मी फुललो.

आणि मग भाचीनेच विषय काढला. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, सरळ.

"लग्नानंतर मी नोकरी सोडणार नाही. नाइट ड्युटीपण असते. ते आत्ताच सांगते."

भजन संपलं होतं. पंख्याची घरघर तेवढी राहिली. माझ्या बहिणीने डोळ्यांनीच लेकीला आत जा म्हटलं. लेक हलली नाही.

हेडमास्तर गालातल्या गालात हसले. "बाळा, माझी काय बी हरकत न्हाई. मी शिक्षणातला माणूस. पण घरी माझी आई हाय. जुन्या वळणाची. तिला सून रात्रीची बाहेर गेलेली चालायची न्हाई. गुडघ्यामुळं आली न्हाई, न्हाईतर तिनंच सांगितलं असतं."

मुलाच्या आईने पदर तोंडाशी नेला आणि फरशीकडे पाहू लागली. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

"विचारून तर बघा," दाजी म्हणाले. पोरीचा बाप आणखी काय म्हणणार?

"विचारतो की. पण तुमी मनाची तयारी ठेवा." त्यांनी खाचेतून फोन उचलला आणि जिना चढून गच्चीवर गेले. आजीबाई होत्या शिरूर कासारकडच्या त्यांच्या गावी. गच्चीवर रेंज चांगली मिळते.

फोन उचलला म्हणजे सुटला, असं कुठल्याही सरळ माणसाला वाटेल. मलाही त्या क्षणी तसंच वाटलं. इतक्यात टीपॉयवरून रिंग वाजू लागली. ट्रिंग, ट्रिंग, अशी घुमत, जणू देवळातली घंटा. डॉकचा निळा दिवा लागला. दुसऱ्याच्या घरचं खासगी बोलणं माझ्या बैठकीत उतरणार होतं. मी बटणाकडे हात नेला. बायकोने माझं मनगट धरलं. दात आवळून म्हणाली, "हात लावाल तर बघा."

"हॅलो?" डॉक बोलला. म्हातारीचा आवाज, पण काय आवाज! त्या यंत्राने तिला सगळी खोली देऊन टाकली होती. "हॅलो, कोन हाय? बोल की रं."

वरून खिडकीतून हेडमास्तरांचं ऐकू येत होतं, "हॅलो! आई! आवाज येईना गं!" त्यांच्या हातातला फोन मुका झाला होता. तोंड आणि कान दोन्ही खाली आमच्याजवळ होते.

"नुसता पंख्याचा आवाज यायलाय," डॉक म्हणाला.

दाजींनी पंख्याकडे असं पाहिलं की तो लाजून थांबेल. मुलगा अर्धा उठला. त्याची आजी होती, त्याचं घर होतं. त्याने बटण दाबलं असतं तर आम्ही कोण अडवणार? त्याचा हात डॉकच्या वर येऊन थांबला. त्याने दाराकडे पाहिलं. भाची त्याच्याचकडे पाहत होती. काही म्हणाली नाही, मान हलवली नाही. त्याने हात मागे घेतला आणि खाली बसला. माझ्या लेखी लग्न तिथेच जमलं होतं. पण माझं विचारतो कोण?

"सुपारी फुटली का? पोरगी काय म्हंती?" आजीला उत्तराची गरज नव्हती. फोनवर तिच्या वयाची माणसं एकटीच पुरेशी असतात. "ती दवाखान्यातली ना? आता ऐक माझं..."

आणि व्होल्टेज पडलं. पंखा रेंगाळला. डॉकचा निळा दिवा मिणमिणला, आवाज चिरकला. बहिणीने कुंकवाची वाटी घट्ट धरली. दुपारी आमच्याकडे लाइट जाते ती निरोपसुद्धा न घेता. त्या काही क्षणांत मी महावितरणाला जेवढे नवस बोललो तेवढे कुठल्या देवाला बोललो नसेन. दिवा विझायला आला, थरथरला, आणि पुन्हा उजळला.

"...करू दी तिला नोकरी! म्या कोयता घेऊन ऊस तोडला जन्मभर. रातच्याला मोळ्या बांधून गाडी भरायचो आमी, तवा कोनी म्हनलं न्हाई, बाईनं रातचं भाईर नगं. तुज्या बाईकूची शाळा तू सोडवलीस, तवाबी माझंच नाव सांगितलंस. आता त्या पोरीला तरी माझं नाव नगं सांगू. ऐकायलास ना?"

मुलाच्या आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पुसलंही नाही. ती शिक्षिका होती, हे आम्हाला तेव्हा कळलं.

जिन्यावर चपला वाजल्या. आम्ही सगळे सावरून बसलो, जणू चोरी आम्हीच केली होती. आता काय होणार? हेडमास्तरांना आईचं एक अक्षर ऐकू गेलेलं नव्हतं. ते खरं बोलले असते, "फोन लागला न्हाई," तर भागत होतं. "असू द्या, करू दे नोकरी," म्हणाले असते तर त्यांचाही मान राहत होता आणि सुपारी फुटत होती. मी मनातल्या मनात त्यांना विनवत होतो. दाजींनी तर अडकित्ता हातात घेऊन ठेवला होता, आशेने.

हेडमास्तर आले. फोन कट न करताच शर्टाच्या खिशात घातलेला होता. खिशातून उजेड दिसत होता. ते डॉकच्या अगदी शेजारच्या खुर्चीत बसले. घाम टिपला. चेहरा असा दुःखी केला की गॅदरिंगच्या नाटकात पहिलं बक्षीस मिळावं.

"झालं बोलणं," ते म्हणाले.

निळा दिवा लागलेला होता. मला दिसत होता, बायकोला दिसत होता, मुलाला दिसत होता. भाची दारातून दोन पावलं पुढे आली.

"काय म्हणाल्या?" तिने विचारलं.

"काय सांगू बाळा." हेडमास्तरांनी सुस्कारा सोडला. "मी लई समजावलं. पण आई न्हाईच म्हनली."

आणि त्यांच्या कोपराजवळून, सगळी खोली दणाणून टाकत, डॉक ओरडला:

"कवा म्हनले रं मी?"