झेल घेतल्यावर

आमच्या क्लबचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही. ज्यांनी तो घडवला ते नोकरी संपली तसे एकेक करून आपापल्या देशी गेले, आणि जुन्यांपैकी आम्ही दोघं-तिघंच काय ते मागे राहिलो. आता आमचीही निघायची वेळ आली आहे, म्हणून लिहायला बसले. खेळातलं मला फार कळतं असा दावा नाही. पण ज्यांना कळायचं त्यांनी कुठे लिहिलंय!

ओमानमधल्या बरक्यातून समुद्राकडे पाठ करून निघालं की खजुराच्या बागा लागतात आणि मग गुरांच्या चाऱ्याची शेतं. तिथल्या एका डेअरीवर आयर्लंडहून आलेला गुरांचा डॉक्टर होता. माझा नवरा त्याच डेअरीच्या स्टोअरमध्ये, मी बाजाराजवळ मासळीच्या कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात. या डॉक्टरला त्याच्या गावच्या खेळाची फार आठवण यायची. गेलिक फुटबॉल. बॉल हातात धरायचा, लाथ मारायची, चार पावलं धावलं की टप्पा द्यायचा किंवा पायावर उडवून परत हातात घ्यायचा. खांब इंग्रजी एचसारखे. आडव्या दांडीवरून बॉल गेला तर एक पॉइंट, खालून जाळ्यात गेला तर तीन. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, या लोकांचं नक्की काय खेळायचं ते ठरलेलंच नाही.

रुसैलच्या वर्कशॉपमधून पाइप आणून त्याने खांब उभे केले, डेअरीशेजारच्या शेताच्या मालकाच्या, म्हणजे आमच्या अर्बाबच्या परवानगीने. चारा कापला की मैदान आमचं. गवत गुडघ्याशी आलं की अर्बाब येऊन म्हणायचा, "खलास!" की क्लब बंद, पुढच्या कापणीपर्यंत. मस्कतची टीम तिथल्या आयरिश शाळामास्तरांची, हिरव्यागार मैदानावर सराव करणारी. ती आम्हाला शेतवाले म्हणायची. आमच्या नडग्या चाऱ्याच्या खुंटांनी सोललेल्या असायच्या आणि निम्मे बॉल खजुराच्या काट्यांनी फुटायचे, तेव्हा ते काही खोटं बोलत नव्हते.

माणसं कमी पडायची म्हणून डॉक्टरने आम्हाला ओढलं. बायका-पुरुष सगळे एकत्र. वसईचे आम्ही ख्रिस्ती, डेअरीचा टँकर चालवणारा रत्नागिरीचा मुसलमान भाऊ, आणखी असेच. आम्ही सगळे क्रिकेटवर वाढलेले. उंच बॉल आला की आम्ही तो असा झकास झेलायचो की बघत राहावं, आणि झेलला की तिथेच थांबायचो. हात वर, दात बाहेर. तेवढ्यात मस्कतची एखादी मास्तरीण येऊन हातातला बॉल काढून पळायची.

"अरे, कॅच घेतली ना मी!" टँकरवाला भाऊ कळवळून सांगायचा.

"कॅच घेतल्यावर खेळ सुरू होतो, संपत नाही!" डॉक्टर लाइनीबाहेरून बोंबलायचा. कित्येक मोसम तो हेच बोंबलला. आमच्यात काडीचा फरक पडला नाही.

डॉक्टर जायला निघाला तेव्हा मी म्हटलं, काळजी करू नका, तुमचा क्लब आम्ही सांभाळू. तो म्हणाला, "माझा क्लब माझ्या गावी आहे. आमच्याकडे माणूस ज्या गावचा, त्याच गावासाठी खेळतो. जन्मभर. हा आपला इथला विरंगुळा."

मला असा राग आला म्हणून सांगू! इतके सुट्टीचे शुक्रवार उन्हात नडग्या सोलून घेतल्या त्या विरंगुळ्यासाठी? घरी आल्यावर नवऱ्यापाशी चडफडले. तो शांतपणे म्हणाला, "मी नाताळात सुट्टी घेऊन आपल्या गावच्या टीममधून खेळायला जातोच ना?" खरंच होतं ते. आम्ही वसईचे, टँकरवाला भाऊ रत्नागिरीचा, मास्तर आयर्लंडचे. सगळे दुसऱ्याच कुठल्या तरी गावाचे. मग हा क्लब नक्की कुणाचा, हा प्रश्न मी तेव्हा सोडून दिला.

त्याचं उत्तर माझ्या घरातच वाढत होतं. माझी लेक त्या मैदानाच्या कडेला खजुराखाली चादरीवर लोळली, गोलाच्या खांबाला धरून उभी राहिली. क्रिकेट तिने टीव्हीवर पाहिलं असेल तेवढंच. ती झेल घेऊन कधी थांबली नाही. बॉल हातात आला की ही पळालीच. भाऊ म्हणायचा, "ताई, तुमची पोरगी बघा, हिला थांबायचं ठाऊकच नाय!" मला तिचा अभिमान वाटायचा आणि थोडी भीतीही.

या वर्षी डेअरी दुसऱ्या मालकाकडे गेली आणि नवऱ्याची नोकरी गेली. शाळेचं वर्ष संपलं की वसईला परत जायचं ठरलं. जेवताना लेकीला सांगितलं. तिचं मराठी अडखळतं, ती नीट जुळवून बोलली.

"तिकडे मी कुणासाठी खेळणार?"

"फुटबॉल आहे, व्हॉलीबॉल आहे, पाहिजे ते खेळ," नवरा म्हणाला.

"काय खेळणार ते नाही विचारलं, डॅडी. कुणासाठी?"

आम्ही दोघं आमच्या गावी जाणार होतो आणि हिला हिच्या गावातून उचलून नेणार होतो. पासपोर्टवर जन्मस्थळ म्हणून बरका छापलंय, तेवढाच तिचा इथे हक्क. डॉक्टरच्या नियमाने पाहिलं तर या क्लबची म्हणावी अशी ती एकटीच.

आमची शेवटची मॅच मस्कतशीच होती. अर्बाब प्लास्टिकच्या खुर्चीवर कहव्याचा थर्मास घेऊन बसला होता. पॉइंट सारखे झालेले, वेळ संपत आलेली. मस्कतच्या गोलकीपरने लांब बॉल मारला. लेक दोघांच्या मधून उडाली आणि तिने तो डोक्याच्या वर झेलला. पुढे मैदान मोकळं होतं.

ती थांबली.

"यल्ला, यल्ला!" भाऊ ओरडला. मीही ओरडले, "अगं पळ!" ती बॉल छातीशी धरून उभी. मस्कतचा एक मास्तर बॉल हिसकायला धावत आला, त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. बॉल धरून इतका वेळ उभं राहिलं म्हणून नियमाप्रमाणे रेफ्रीने फाऊल द्यायला हवा होता. त्याने दिला नाही. अर्बाब खुर्चीतून उठून उभा राहिला.

मग मला कळलं, हिला इथून हलायचंच नव्हतं. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

वेळ संपल्याची शिट्टी झाली. तिने बॉल खाली ठेवला नाही, आणि मीही ठेव म्हटलं नाही.