हिमतीचं टोपण

सदर इसम नामे नाथाजी ज्ञानू सिसाळ, वय वर्षे बासष्ट, हुद्दा निवृत्त नाईक, राहणार मौजे तांबटवाडी, तालुका पलूस, जिल्हा सांगली, हे शरीराने सुदृढ असून गावच्या माजी सैनिक मंडळाचे सचिव आहेत. सतरा वर्षांच्या सेवेत त्यांच्याविरुद्ध एकही तक्रार नाही. वर्तणूक उत्तम. व्यसन कोणतेही नाही. मिलिट्री कँटीनमधून त्यांना दरमहा रमच्या चार बाटल्या मिळतात. परंतु सदर इसम मद्याला स्पर्श करीत नसल्याने सदर बाटल्यांचा विनियोग लोकोपयोगी कार्यासाठी केला जातो.

मंडळाच्या कागदात हे असंच लिहिलंय, आणि लिहिताना कुणी हसलं नव्हतं.

लोकोपयोगी कार्य दर रविवारी सकाळी दहाला नाथाजींच्या घराच्या पुढच्या सोप्यात सुरू होतं. ज्याला कुणापुढं तरी तोंड उघडायचं असतं आणि ते उघडत नसतं, तो येतो, चपला काढतो आणि बाकावर बसतो. समोर स्टुलावर बाटली, स्टीलचा पेला आणि मागं खुर्चीत नाथाजी, दाढी केलेले, शर्टाच्या बाह्या बंद. ते दोनच प्रश्न विचारतात. कुणाशी बोलायचंय, आणि काय बोलायचंय. उत्तर ऐकून बाटलीचं टोपण भरतात आणि पेल्यात ओततात. पेल्यानं मोजत नाहीत, टोपणानं मोजतात. तलाठ्याशी बोलायचं असेल तर एक टोपण. सासऱ्याशी असेल तर दोन. बायकोशी असेल तर तीन, आणि तिनाच्या वर काहीही झालं तरी नाही. पैसे घेत नाहीत. घरी न्यायला देत नाहीत. एकदा पेल्यात ओतलेलं पुन्हा बाटलीत जात नाही.

"चार दिलं तर काय हुतंय?" गुंडानं एकदा विचारलं होतं. गुंडा हा बाकावरचा कायमचा माणूस. त्याला दर रविवारी कुणाशी ना कुणाशी बोलायचं असतंच.

"तिनापातूर माणूस मनातलं बोलतो," नाथाजी म्हणाले. "चौथ्याला दुसऱ्याच्या मनातलं बोलाय लागतो."

आष्ट्याकडचा धन्यकुमार एकदा आला. जैनाचा मुलगा, चाळिशीचा, तीन एकर द्राक्षबाग. बाग काढून ऊस लावायचा आहे हे त्याला वडिलांना सांगायचं होतं, आणि वडील रोज सकाळी मंदिरातून आले की आधी त्या बागेकडंच बघत. दारू शिवायची सोय नव्हती. नाथाजींनी थोडा विचार केला, एक टोपण भरलं आणि त्याच्या नाकापुढं धरलं.

"नुसता वास घ्या. वासाला बंदी न्हाई."

धन्यकुमारानं डोळे मिटून वास घेतला, शिंकला, आणि तसाच मोटरसायकलला किक मारून गेला. बाग निघाली. पुढं सुंदरीवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, घरचं काकवीचं भांडं पाठवलं आणि निरोप दिला की एवढं सगळं नुसत्या वासावर झालं असेल, तर गावातले बाकीचे कशाला पितात.

आता हे टोपण आलं कुठून, तर ते जयराजच्या लग्नातून. जयराज म्हणजे नाथाजींचा मुलगा, सध्या बायकोसह पुण्यात. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या मांडवात नाथाजींचा धाकटा भाऊ बाळासो मागच्या बाजूला येऊन म्हणाला, "दादा, माईकवर चार शब्द बोलावं म्हनतोय. पर हिम्मत हुईना." नाथाजींनी कौतुकानं स्वतःच्या हातानं त्याला रम ओतून दिली. पेल्यानं. दोनदा.

बाळासोला हिंमत आली. माईक हातात घेऊन तो पहिली पाच मिनिटं फार चांगलं बोलला. मग नवरीकडची माणसं डोळे पुसत होती त्यांच्याकडं बघून म्हणाला, "रडा, रडा. आमच्या दादाला काय फरक पडनार न्हाई. सतरा वर्सं मिलिट्रीत कांदाच कापत हुता त्यो."

मांडव हसला. वाजंत्रीवालेसुद्धा हसले.

नाथाजी सैन्यात स्वयंपाकी होते. पलटणीच्या स्वयंपाकघराला तिथं लंगर म्हणतात. त्या लंगरात त्यांनी सतरा वर्षं एकशेवीस माणसांचं जेवण वेळेवर घातलं, बर्फातही घातलं. सीमेवर लढलो असं खोटं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. गावानं आपल्या मनानं ठरवलेलं तेवढं खोडलं नव्हतं. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. घरांची भिंत एक, बांध एक, विहीर एक. मोटरची पाळी रंगूबाई सांगायच्या. त्या नाथाजींच्या बायको, आणि नऊ वर्षं दोन घरांमधला टेलिफोनही त्याच. आणि त्या लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी नाथाजींनी पेला बाजूला सारून टोपण हातात घेतलं.

यंदा बाळासोची मुलगी क्रांती सैन्यात निवडली गेली. दोन वर्षं ती पहाटे कॅनॉलच्या रस्त्यावर पळत होती. त्या रस्त्याकडेला नाथाजींचा ऊस आहे, आणि पूर्वी त्यांच्या पाटाचं पाणी फुटून रस्त्यावर चिखल व्हायचा. क्रांती पळायला लागल्यापासून तो एकदाही झाला नाही. रोज पाचाला नाथाजी खोरं घेऊन पाटावर उभे असत आणि ती आली की ऊस न्याहाळत.

तिला गुरुवारी मिरजेहून गाडी होती. त्याआधीच्या रविवारी सव्वादहाला बाळासो आला, चपला काढल्या आणि बाकावर गुंडाच्या शेजारी बसला.

गुंडाला ग्रामसेवकाशी नळाबद्दल बोलायचं होतं. त्याला एक टोपण मिळालं. ते त्यानं घेतलं आणि जायचं सोडून तिथंच बसून राहिला.

"तुझं झालं की रं," नाथाजी म्हणाले.

"व्हय, पर ग्रामसेवकाला आज सुट्टी हाय," गुंडा म्हणाला.

नाथाजींनी बाटलीकडं बघत विचारलं, "कुणाशी बोलायचंय?"

"भावाशी," बाळासो म्हणाला.

आत भांडी घासण्याचा आवाज बंद पडला.

"काय बोलायचंय?"

"गुरुवारी पोरगी निघाली. म्हनती, माझ्या ट्रंकेला पयला हात तात्यांचा, मंजी तुझा, लागंल, न्हाईतर मी जायाची न्हाई. मी म्हनलं, तिकीट आलंय. तर म्हनली, मग फाडा." बाळासोनं पंच्याच्या टोकानं मान पुसली. "आनि त्या दिशी मांडवात बोललो त्ये."

"त्ये खरंच हुतं की."

"खरं हुतं. पर माईकवर बोलायचं न्हवतं."

नाथाजींनी बाटली उघडली. एक टोपण ओतलं. दुसरं ओतलं. थोडं थांबून तिसरं ओतलं आणि पेला पुढं सरकवला. भाऊ हा बायकोच्या वर्गात मोडतो, हे गुंडाला त्या दिवशी कळलं.

बाळासोनं पेल्याला हात लावला नाही. "मी सोडलीया, दादा. जयराजच्या लग्नापास्नं."

"मग हितं कशाला आलास?"

"हितं आल्याबिगर तू मला इचारनार न्हाईस, कुनाशी बोलायचंय म्हनून."

नाथाजींनी गुंडाकडं बघितलं. गुंडा पायात चपला नीट न घालताच बाहेर पडला.

"किती वाजता गाडी?" नाथाजींनी विचारलं.

"दीडला."

"मंजी आठला घर सोडाय पायजे. उगं शेवटाला पळापळ नको. मिलिट्रीत उशीर झाल्याली पोरगी वाईट दिसती."

बाळासो मान हलवून उठला. दोघांनी एकमेकांना हात लावला नाही, मिठी मारली नाही, कारण दोघंही तांबटवाडीचे होते. दारात मात्र बाळासो थांबून आत ओरडला, "वयनी, आजपास्नं मोटारीची पाळी मीच सांगतो दादाला."

"लई उपकार झालं भावजी," आतून रंगूबाई म्हणाल्या. "माझा घसा बसला नऊ वर्सं."

पेला तसाच भरलेला होता. नियमाप्रमाणे तो बाटलीत परत जाणार नव्हता. "आता ह्ये कुणाला?" रंगूबाईंनी विचारलं. "यील कुणीतरी," नाथाजी म्हणाले. त्यांनी पेल्यावर बशी झाकली आणि तो फडताळात ठेवला. सोमवारी कुणी आलं नाही. मंगळवारी, बुधवारीही नाही.

गुरुवारी सकाळी साडेसातला नाथाजी इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. भावाचं दार त्यांच्या दारापासून चौदा पावलांवर आहे. नऊ वर्षांत ती चौदा पावलं त्यांनी टाकली नव्हती. गल्लीतले लोक कामधाम सोडून उंबऱ्यात आले होते. नाथाजी परेडला चालावं तसे चालत गेले, कुणाकडं न बघता सरळ आत शिरले आणि क्रांतीच्या ट्रंकेची कडी धरली.

मिरजेच्या फलाटावर त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"तितं कुणी इचारलं, घरात आधी कुणी फौजेत हुतं का, तर काय सांगशील?"

"चुलते हुते म्हनून सांगीन."

"काय करत हुते म्हनून इचारलं तर?"

क्रांतीनं बाळासोकडं बघितलं. बाळासो गाडीच्या बोर्डाकडं बघत होता.

"लंगरला हुते म्हनून सांग," नाथाजी मोठ्यानं म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की शेजारच्या बाकावरची माणसं वळली. "एकशेवीस मानसं सतरा वर्सं उपाशी झोपली न्हाईत म्हनून सांग. आनि पयल्या दिवशी लंगरच्या मानसाला नमस्कार घाल. पुढचं समदं त्याच्या हातात असतंय."

"सांगीन," ती म्हणाली. मग जरा जवळ येऊन विचारलं, "तात्या, येलदोडा खाल्लाया का?"

"खोकला हाय," नाथाजी म्हणाले.

गाडी वेळेवर सुटली. परत येताना दोघं भाऊ एसटीत एका बाकावर बसले. पलूस येईपर्यंत बाळासो उसाच्या तोडीबद्दल बोलला आणि नाथाजींनी ऐकलं.

पुढच्या रविवारी दहाला सोप्यात बाटली, पेला आणि खुर्ची नेहमीसारखी मांडली गेली. मंडळाचा कागद बदललेला नाही. फडताळात बशीखाली ठेवलेला पेला मात्र गुरुवारी सकाळी सातलाच रिकामा झाला होता. त्या घरात दोनच माणसं राहतात, आणि रंगूबाई घेत नाहीत.