मीटर न फिरलेली खोली

तिला बरोबरच्या सगळ्या मुली गोगलगाय म्हणत. नाव ठेवणाऱ्यांचा त्यात फारसा दोष नव्हता. जेवायला बसली की पिशवी मांडीवर, आंघोळीला गेली की पिशवी खुंटीला, झोपली की पिशवीचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला. "गोगलगाय नि पोटात पाय," असं कुणी चिडवलं की ती हसायची. बिचारीच्या पोटात पाय वगैरे काही नव्हते. होती ती भीती, आणि ती तर आंधळ्यालाही दिसली असती.

आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. मामानं घरी आणली. मामा चांगला होता, म्हणजे गप्प होता. मामी वाईट होती असंही नाही, पण घरात कुठे दिवा लागला की पाठोपाठ तिचा आवाज लागायचा. "कोण जाळतंय तिकडे दिवा?" त्या आवाजाला घाबरून पोरगी जिन्यातल्या उजेडात अभ्यास करायला शिकली, अंधारात केस विंचरायला शिकली, नुसत्या बोटांनी सुईत दोरा ओवायला शिकली. पुढे मामेभावाचं लग्न ठरलं, खोली कमी पडायला लागली, आणि मामी म्हणाली, "चार दिवस मैत्रिणीकडे राहा." ते चार दिवस अजून संपलेले नाहीत.

मैत्रिणीकडून दुसऱ्या मैत्रिणीकडे, तिथून ती कामाला होती त्या लाँड्रीच्या माळ्यावर, आणि मालकाच्या बायकोनं बघितल्यावर तिथून बसस्थानकाच्या प्रतीक्षालयात. तिथला एक नियम तिला पहिल्याच दिवशी कळला. बसलेल्या माणसाला कुणी उठवत नाही, आडवं झालेल्याला उठवतात. म्हणून ती भिंतीला डोकं टेकून बसून झोपायला शिकली. सकाळी उठून तोंड धुवायची आणि कामावर जायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चादरींना इस्त्री करायची, हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या, पांढऱ्याशुभ्र. चादर हातात येत नाही असा एक दिवस जात नव्हता, पण अंगाखाली एकही नव्हती.

लाँड्रीचा मालक म्हणे, पत्ता आण, मग कायम करतो. खोलीवाले म्हणत, कायम नोकरीचं पत्र आण, मग खोली देतो. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत. या दोघांच्या मध्ये ती दीड वर्ष लोंबकळत होती. मग कुणीतरी संस्थेचा पत्ता दिला.

संस्था म्हणजे तीन मजल्यांची एक जुनी इमारत. घर सुटलेल्या, घरानं सोडलेल्या मुली तिथे राहत. खाली मोठी खोली, आठ पलंग. मधल्या मजल्यावर दोघी-दोघींच्या खोल्या. आणि सगळ्यात वर, गच्चीला लागून, सरावाची खोली. एकटीनं राहायचा सराव करायची खोली. एक पलंग, एक शेगडी, एक पंखा, दोन दिवे आणि स्वतःची किल्ली. तिथे तीन महिने नीट राहून दाखवलं की समिती 'तयार' असा शेरा मारायची, संस्था हमीपत्र द्यायची आणि पुढच्या गल्लीत खरीखुरी खोली मिळायची. मात्र वीस वर्षं पूर्ण झाली की शेरा असो वा नसो, संस्था सोडायची. गोगलगाय सरावाच्या खोलीत गेली तेव्हा तिच्या विसाव्या वाढदिवसाला चार महिने आणि वर थोडे दिवस उरले होते.

मुलींवर देखरेख ताईंची. ताई पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात, आवाज असा की खाली ओरडल्या तर गच्चीवरची कबुतरं उडायची. दर शुक्रवारी सकाळी त्या खोली तपासायला यायच्या. गोगलगायीची खोली बघून त्यांचं मन भरून यायचं. चादरीला चुणी नाही, शेगडीवर थेंब नाही, भिंतीत खिळा नाही. "खोली ठेवावी तर अशी! नाहीतर तुम्ही, नुसता उकिरडा," असं खालच्या मुलींना ऐकवून ताई तक्त्यात दहापैकी दहा लिहायच्या. बारा शुक्रवार त्यांनी दहापैकी दहा लिहिले.

तेराव्या आठवड्यात कारकुनानं समितीपुढे कागद ठेवला. सरावाच्या खोलीचं मीटर तीन महिन्यांत चार युनिट फिरलं होतं. समितीचे अध्यक्ष निवृत्त साहेब होते आणि साहेबांनी आयुष्यभर कागदच वाचले होते. ते म्हणाले, "ही मुलगी तिथे राहतच नाही. किल्ली अडवून बसली आहे, आणि खाली अकरा जणी वाट बघताहेत." पुरावा म्हणून त्यांनी ताईंचाच तक्ता पुढे केला. राहत्या खोलीला दहापैकी दहा कसे मिळतील?

ताई दोन्ही जिने एका दमात चढून आल्या. संध्याकाळ झाली होती, दार लोटलेलं होतं, आत अंधार. त्यांनी बटण दाबलं तशी दाराआडून गोगलगाय दचकून उभी राहिली.

"राहतेस कुठे तू?"

"इथेच, ताई."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस. कुणाकडे जातेस ते सांग, मी रागावणार नाही." ताई रागावलेल्याच होत्या.

"खरंच इथे राहते."

"मग या चादरीला एक चुणी का नाही ग?"

"मी त्यावर झोपत नाही."

"मग कशावर झोपतेस? हवेवर?"

तिनं पिशवी पायानं थोडी डावीकडे सरकवली, दाराआडच्या भिंतीवर काहीतरी झाकायला. चोराच्या मनात चांदणं. ताईंनी पिशवी उचलून बाजूला ठेवली आणि वाकून पाहिलं. भिंतीला पुदिन्याचा वास येत होता. त्यांनी नखानं खरवडलं, तशी पांढरी खपली निघाली आणि खाली तेलकट, तपकिरी डाग दिसला. बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल त्या उंचीवर, वीतभर.

"हे काय लावलंयस?"

"टूथपेस्ट." ती म्हणाली. "डोक्याचं तेल लागतं. पुसलं तरी जात नाही. दर गुरुवारी लावते, तुम्ही शुक्रवारी येता म्हणून. मी रंग लावून देईन, ताई. भिंत खराब केली म्हणून मला काढू नका."

ताई पलंगावर बसल्या. त्या पलंगावर तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणी बसलं होतं. त्यांना रडू आलं नाही, संताप आला, आणि तो कुणावर काढावा हेच कळेना. बारा शुक्रवार त्या या दारातून आत आल्या होत्या, बारा वेळा दार पुरतं उघडून याच भिंतीला लावलं होतं. दारामागे बघायचं त्यांना एकदाही सुचलं नाही.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "हा डागच तुला वाचवणार आहे."

साहेबांना वर आणलं. ते धापा टाकत आले, डाग जवळून पाहिला, लांबून पाहिला, मुलीला खाली बसवून तिचं डोकं डागाला बरोबर लागतं का तेही पाहिलं. लागत होतं. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांचा चेहरा पडला. पण फॉर्म उलटसुलट करून ते म्हणाले, "मला पटलं हो. पण डागाला रकाना नाही. मीटरला आहे." शेवटी त्यांच्या परीनं त्यांनी वाट काढली. आणखी एक महिना. त्यात पंचवीस युनिट जळाले पाहिजेत. माणूस राहतंय असं कागदावर दिसलं पाहिजे.

महिना संपत होता तिच्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी.

त्या महिन्यात तिनं जे सोसलं ते प्रतीक्षालयातही सोसलं नव्हतं. कामावरून आली की दोन्ही दिवे लावायची, पंखा लावायची. प्रत्येक बटणाला कानात मामीचा आवाज यायचा. मग ओढणीनं डोळे बांधून दाराआड बसायची. ताई म्हणाल्या होत्या, काहीतरी शिजव, म्हणून विजेच्या शेगडीवर पातेलंभर पाणी उकळायची, निवू द्यायची, पुन्हा उकळायची, आणि शेवटी मोरीत ओतून द्यायची. पंख्याच्या वाऱ्यानं हुडहुडी भरली तरी तो बंद करायची हिंमत व्हायची नाही. सकाळी कामावर जाण्याआधी जिन्याखालच्या मीटरपाशी जाऊन उभी राहायची. दवाखान्यात नातेवाईक उभे असतात तशी. खालच्या मुली म्हणायच्या, "गोगलगायीनं मीटरशी लग्न लावलंय!" ती हसायची आणि आकडा पाठ करून जायची.

ताई शुक्रवारी यायच्या. आता त्या दारामागे आधी बघायच्या. टूथपेस्ट नव्हती, डाग तसाच होता, थोडा मोठा झालेला. चादरीला अजूनही चुणी नव्हती. ताई तक्त्यावर पेन टेकवायच्या आणि किती लिहावं हे त्यांना सुचायचं नाही.

अठ्ठावीस युनिट झाले. समितीनं शेरा मारला, 'तयार. राहण्याच्या सवयीत लक्षणीय सुधारणा.'

पुढच्या गल्लीतली खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दारावर नंबर होता, आणि तो नंबर आता तिचा पत्ता होता. लाँड्रीच्या मालकाला द्यायच्या कागदावर ताईंनी तो स्वतः लिहिला होता. तिन्हीसांजेला दोघी आत गेल्या. ताईंनी नवी चादर आणली होती, ती त्यांनी पलंगावर अंथरली. मुलीनं सवयीनं पहिला दिवा लावला, दुसरा लावला, पंखा लावला आणि पाठीवर पिशवी घेऊन खोलीच्या मधोमध उभी राहिली.

"बस की," ताई म्हणाल्या. "आता तुझीच खोली आहे."

"ताई, इथे तपासायला कोण येणार?"

"कुणी नाही."

"शुक्रवारी?"

"शुक्रवारी नाही, कधीच नाही. मी आले तरी दार वाजवून येईन. तू म्हणालीस नको, तर जिन्यावरून परत जाईन."

तिनं मान हलवली. दिव्याकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. मग हळूच विचारलं,

"मग आता दिवा बंद केला तर चालेल?"

ताईंच्या जिभेवर पुष्कळ काही आलं होतं. तीस वर्षांत शंभर मुलींना सांगितलेलं सगळं. त्यांनी ते गिळलं.

"तुझा दिवा आहे, बाळ. तू ठरव."

तिनं एक दिवा बंद केला, मग दुसरा, मग पंखा. अंधारात पावलं दारापर्यंत गेली आणि पाठ भिंतीला टेकल्याचा आवाज आला. ताई चाचपडत गेल्या आणि गुडघे धरून तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या.